एकाच्या शेजारची जागा

परिवहन कार्यालयाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली एक टेबल, एक बाक आणि दोन खांबांना बांधलेली दोरी एवढ्या भांडवलावर एक धंदा बेचाळीस वर्षे चालला. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांना ओल्या नंबर प्लेटा टांगलेल्या असत. बाकावर गाड्यांचे मालक रंग वाळायची वाट पाहत बसत. रंग वाळायला चार तास लागत, त्यामुळे बाकावर बसणाऱ्यांची एकमेकांशी चांगली ओळख होई. तिथे जुळलेली निदान दोन लग्ने टेबलामागच्या माणसाला ठाऊक आहेत.

त्या माणसाला सगळे नंबरमामा म्हणत. कार्यालयातल्या शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत हेच नाव. पगाराच्या यादीत ते कुठे नव्हते, पण कार्यालयाला सुट्टी असली की त्यांनाही असे.

मामा एकोणीस वर्षांचे असताना कामाला लागले, तेव्हा नंबर प्लेट हा मालकाच्या मर्जीचा मामला होता. जिल्ह्याचे एक अक्षर आणि पुढे चार आकडे, एवढाच नियम. पत्रा कुठला, रंग कुठला, आकडे केवढे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एका कुस्तीगिराने आकडे इतके मोठे काढून घेतले की शेवटचा आकडा चाकाच्या बाजूला वळला. एका बसमालकाला शून्याला पापण्या हव्या होत्या. मामांनी काढून दिल्या. बस वर्षभर पापण्या मिचकावत फिरली आणि कोणाचे काही बिघडले नाही.

मग गाड्या वाढल्या, जिल्ह्याचे आकडे संपले, दुसरे अक्षर आले आणि त्याच्याबरोबर मापही आले. काळ्या पाटीवर पांढरे आकडे, उंची ठरलेली, जाडी ठरलेली. पोलीस खिशात टेप घेऊन हिंडू लागले. कार्यालयाने रंगाऱ्यांना पत्र्याची कोरलेली जाळी वाटली, तिच्यावरून कुंचला फिरवला की आकडा उमटावा म्हणून. मामांनी ती खिळ्याला टांगली आणि आकडे हातानेच काढत राहिले. कोणी शंका घेतली तर जाळी काढून आकड्यावर धरत. सूतभरही फरक नसे.

त्यानंतर सगळे उलटे झाले. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे, भाड्याच्या गाड्यांना पिवळी पाटी, आणि देशभरातल्या प्रत्येक गाडीने वर्षाच्या आत पाटी बदलायची. त्या वर्षी रांग रस्ता ओलांडून फाटकाच्या आत जाई. मामी, म्हणजे मामांच्या पत्नी, घरी शिवणकाम करत. त्यांनी मशीन झाकून ठेवले आणि वर्षभर पाट्यांना पांढरा रंग दिला. शेजारीपाजारी विचारत, काय चाललंय. त्या म्हणत, सरकारचं पांढरपण माझ्याकडे आहे.

पुढे तयार चिकट आकडे आले. बाजूच्या टपरीत एक माणूस ते चिकटवू लागला. त्याला सगळे स्टिकरवाला म्हणत. चार तासांचे काम चार मिनिटांत होई. बहुतेक रंगाऱ्यांनी कुंचले ठेवून दिले. मामा टिकले, कारण उन्हात स्टिकर सुटतात. एका डॉक्टरांच्या गाडीवरचा आठ असा सुटला की त्यांना दोन महिने दुसऱ्याच्या दंडाच्या नोटिसा येत होत्या. ते मामांकडे आले आणि चार तास बाकावर निमूट बसले.

मामांच्या कामात एक गोष्ट अशी होती की जी बघणाऱ्याला कळत नसे, पण पाटी चांगली वाटे. ती त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवली होती. उस्ताद म्हणायचा, आकड्यांमधली जागा मोजायची नाही, भरायची. दोन आकड्यांच्या मधे पाणी ओतलं असं समज. प्रत्येक फटीत सारखंच मावलं पाहिजे. आठ गुबगुबीत, त्याच्या अंगाभोवती जागा कमी. सात एका बाजूला झुकलेला. आणि एकाचा आकडा म्हणजे नुसती काठी. त्याला बाकीच्यांइतकीच जागा दिली तर दोन्ही बाजूंना ओसाड पडते. म्हणून एकाला नेहमी शेजाऱ्यांच्या जवळ सरकवायचे. किती, ते डोळ्याने ठरवायचे. पाटी झाली की मामा ती उलटी धरून बघत, कारण उलटी धरली की आकडे दिसत नाहीत, फक्त जागा दिसते. गिऱ्हाइके थट्टा करत: मामा, गाडी पालथी पडली तरच बरोबर वाचता येईल का? बेचाळीस वर्षे त्यांनी एक सरकवला. आपण सरकवतो आहोत हेही त्यांना कळेनासे झाले होते.

मग ती सूचना फाटकावर लागली. रविवारी घरी आलेल्या थोरल्या मुलीने मामांना त्या सूचनेचा मोबाइलवर काढलेला फोटो वाचून दाखवला. यापुढे हाताने रंगवलेली किंवा चिकटवलेली कोणतीही पाटी चालणार नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर यंत्राने दाबून उठवलेले आकडे, कोपऱ्यात चकाकता शिक्का, एकदा लावला की तोडल्याशिवाय न निघणारा खिळा. पाट्या कार्यालयाच्या आवारातल्या खोलीत तयार होतील. त्या खोलीत यंत्रांवर दोन माणसे लागतील; जुन्या रंगाऱ्यांना अर्ज करता येईल, मात्र परीक्षा द्यावी लागेल. बारा पाट्या दाबायच्या, त्यांतल्या निदान अकरा कॅमेऱ्याने वाचल्या पाहिजेत. संधी दोन. महिनाअखेरीनंतर फाटकासमोरच्या टपऱ्या उठवल्या जातील.

"म्हणजे पास झालात तर रस्ता ओलांडायचा," मुलगी म्हणाली, "नाही झालात तर घरी बसायचं."

"घरी नको," मामी आतून म्हणाल्या. "घरी मी असते."

मामांचे वय एकसष्ट. घरी बसून काय करायचे याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता आणि करायची इच्छाही नव्हती. त्यांनी अर्ज केला. परीक्षेची त्यांना काळजी नव्हती. बेचाळीस वर्षांत एकही पाटी चुकीची गेली नव्हती. यंत्राने तर काम सोपेच होणार.

परीक्षा घ्यायला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या होत्या, इंजिनियर, मामांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी यंत्र समजावून दिले. प्रत्येक आकड्याचा पोलादी ठसा. ठसे एका खाचेत ओळीने बसवायचे, दोन ठशांच्या मधे एक पट्टी घालायची, पत्रा ठेवायचा, दांडा ओढायचा. धप्प आवाज येतो आणि आकडे वर उठतात. मग त्यांच्यावरून काळ्या शाईचा रूळ फिरवायचा. पट्ट्यांचे दोन डबे होते, एक जाड पट्ट्यांचा आणि एक पातळ. पातळ पट्ट्या दुचाकीच्या छोट्या पाट्यांसाठी होत्या. हे बाईंनी सांगितले, आणि मामांनी ऐकलेही.

उमेदवार दोनच, मामा आणि स्टिकरवाला. स्टिकरवाल्याला दीड तास लागला. मामांनी बारा पाट्या चाळीस मिनिटांत दाबल्या. त्या ओळीने लावल्यावर दारावरचा शिपाई आत येऊन बघून गेला, मग हेडक्लार्कला घेऊन आला. सगळ्यांचे एकमत झाले की यंत्राची पाटी इतकी देखणी होते हे त्यांना माहीत नव्हते.

मग बाईंनी कॅमेरा लावला. पंचवीस पावलांवर तीन पायांच्या तिकाटण्यावर एक काळा डोळा, आणि बाजूच्या पडद्यावर तो जे वाचेल ते उमटणार. स्टिकरवाल्याच्या बारापैकी अकरा वाचल्या गेल्या. मामांच्या सात.

बाईंनी न वाचलेल्या पाच पाट्या टेबलावर मांडल्या. पाचही पाट्यांत एकाचा आकडा होता. एके ठिकाणी एकाचे दोन आकडे शेजारी होते, त्यांचे कॅमेऱ्याने अक्षर केले होते.

"मामा, एकाच्या दोन्ही बाजूंना पातळ पट्टी का घातलीत?"

मामांनी पाहिले. खरेच पातळ होती. "मी घातली?"

"मी तर नाही घातली."

"घातली असेल. जाड घातली असती तर तो एकटा पडला असता."

"कोण?"

"एक."

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिले. त्या कागदावर याचे उत्तर नव्हते. "नियमात सगळ्या पट्ट्या सारख्या आहेत," त्या म्हणाल्या.

"पट्ट्या सारख्याच आहेत हो. आकडे सारखे नाहीत. आठाला आणि एकाला सारखीच खुर्ची दिली तर आठाची अडचण आणि एकाची शोभा."

"पण मामा, पाटी आता माणसाने वाचायचीच नाहीये. कॅमेऱ्याने वाचायची आहे."

"मग माणसांनी कुठे बघायचं?"

"रस्त्याकडे," बाई म्हणाल्या.

 स्टिकरवाला जाता जाता मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, मनाला लावून घेऊ नका. कॅमेऱ्याला तुमच्याकडे शिकायला पाठवू." तो पास झाला होता, त्यामुळे त्याला विनोद सुचत होते.

दुसरी संधी अठरा दिवसांनी होती. त्या दिवशी घरी आल्यावर मामांनी मामींना सगळे सांगितले, कॅमेऱ्याला चष्मा लागलाय इथपासून सुरुवात करून. मामी काज काढत होत्या. परिवहन कार्यालयातल्या शिपायांचे गणवेशही त्याच शिवत.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "शर्टाची बटणं मी कशी लावते? टेप धरते, खुणा करते, सारख्या अंतरावर लावते. घालणाऱ्याचं पोट कुठे आहे हे बघत बसते का?"

"बसतेस. माझ्या शर्टाची चौथी आणि पाचवी बटणं जवळ घेतली आहेस."

रविवार असल्यासारखी मुलगी त्या दिवशीही आलेली होती. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकावाटे बाहेर आले.

"ते घरचं गिऱ्हाईक आहे," मामी म्हणाल्या. "सरकारी शर्टाला मी मापानेच लावते. पोट आत घ्यायचं का नाही ते सरकारने बघावं."

शिकवणी तिथूनच सुरू झाली. शर्टाच्या घडीत घालतात तो जाड पुठ्ठा मामींनी कापला आणि त्याचे आकडे केले. पट्ट्यांसाठी त्याच पुठ्ठ्याचे तुकडे, काही जाड, काही पातळ, सगळे एका ताटलीत. दुपारी जेवण झाले की मामी एक नंबर सांगत आणि मामा तो शिवणाच्या टेबलावर मांडत. पहिल्या दिवशी दहा नंबर मांडले. नऊ वेळा एक सरकलेला होता. दहाव्या नंबरात एक नव्हता.

मामी शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाने टेबलावर टकटक करत. टक झाली की काहीतरी सरकले. आठवडाभर घरात दुपारभर टकटक चालू होती. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारले, सुतार आलाय का.

मामा खरोखर प्रयत्न करत होते. ते मनात म्हणत, जाड पट्टी, जाड पट्टी. हात जाड पट्टी उचली, ठेवी, आणि मग ते मांडणीकडे बघत आणि हात परत जाई. आठव्या दिवशी त्यांनी ताटली बाजूला सारली.

"जमायचं नाही. महिनाअखेरीला टेबल घरी आणतो. कुठे ठेवायचं ते बघून ठेव."

"कुठेच ठेवायचं नाही. हात आवरा म्हणजे झालं."

"हात नाही गं. हाताला काही कळत नाही. डोळे ऐकत नाहीत."

 मामींनी पुढे होऊन मामांच्या नाकावरचा चष्मा काढला, बटणांच्या डब्यात टाकला आणि झाकण लावले.

"आता मांडा."

चष्म्याशिवाय मामांना हातभर अंतरावरचे पांढरे ढग दिसत. त्यांनी पुठ्ठ्याचा आकडा चाचपला, ताटलीतली पट्टी बोटांत धरून जाडी पाहिली, ठेवली. आकडा, पट्टी, आकडा, पट्टी. मामींनी टेप लावला. टक झाली नाही. त्या दुपारी दहाच्या दहा बरोबर आले. संध्याकाळी चष्मा लावून मामांनी शेवटची मांडणी बघितली आणि नाक मुरडले, पण हात लावला नाही. मामी टेबलाशेजारी अंगुस्तान घालूनच उभ्या होत्या.

दुसऱ्या परीक्षेला मामांनी मामींनी शिवलेला शर्ट घातला, जवळ घेतलेल्या बटणांचा. बाईंनी नंबरांच्या बारा चिठ्ठ्या दिल्या. मामांनी चष्मा लावून पहिली चिठ्ठी वाचली, ठसे निवडून ओळीने ठेवले, मग चष्मा काढला आणि खिशात घातला.

"मामा, बरं वाटत नाहीये का?" बाईंनी विचारले.

"उत्तम वाटतंय."

"मग चष्मा?"

"मधे मधे बोलतो."

बाईंनी नियमांचा कागद उलटून पाहिला. चष्मा घालावा असे कुठे लिहिलेले नव्हते. मामा बोटांनी ठसे चाचपत, डब्यातून पट्टी उचलत, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून जाडी तपासत आणि घालत. दांडा, धप्प, रूळ. या वेळी दोन तास लागले. शिपाई दोनदा डोकावून गेला आणि दोन्ही वेळा काळजीत पडून परत गेला.

कॅमेऱ्यासमोर पहिली पाटी वाचली गेली. दुसरी वाचली गेली. तिसरीवर पडदा कोराच राहिला. बाईंनी पाटी हातात घेतली. अंतरे बिनचूक होती. मात्र पाच आणि नऊ यांच्या बरोबर मध्ये काळ्या शाईचा एक सुबक अंगठा उमटला होता.

"हा माझाच," बाईंनी सांगितल्यावर मामा म्हणाले.

म्हणजे उरलेल्या नऊच्या नऊ वाचल्या जायला हव्या होत्या. बाईंनी एकेक पाटी ठेवायला सुरुवात केली. मामांनी चष्मा लावला नाही. पडद्यावर काय येते ते त्यांना दिसत नव्हते, बाई "हं" म्हणाल्या की वाचली असे ते धरत होते. आठ वेळा बाई हं म्हणाल्या. शेवटची पाटी अकरा अकरा होती. चार काठ्या ओळीने. पहिल्या परीक्षेत असल्या पाटीचे काय झाले असते, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. शिपाई आता दारात उभा राहून उघडपणे बघत होता.

कॅमेऱ्याने नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला. मग बाई हं म्हणाल्या.

त्यांनी कागदावर अकरा लिहून सही केली आणि ती पाटी मामांसमोर धरली. "आता चष्मा लावून खरं सांगा. एवढं वाईट दिसतं का?"

मामांनी चष्मा लावला. पाटी सरळ पाहिली, मग सवयीने उलटी करून पाहिली.

"वाईट नाही," ते म्हणाले. "चार भाऊ वाटण्या करून उभे आहेत, एवढंच."

मामांनी रस्ता ओलांडला त्याला आता सात महिने झाले. टेबल घरी गेले आणि मामींनी ते कापड बेतायला घेतले. दोरी दोन खांबांवर अजून आहे. तिच्यावर कार्यालयाचा शिपाई आपला रुमाल वाळत घालतो. खोलीत दोन यंत्रे शेजारी शेजारी आहेत. एकावर स्टिकरवाला, दुसऱ्यावर मामा, आणि मामांच्या यंत्राच्या बाजूला एक बटणांचा रिकामा डबा, चष्मा ठेवायला. दिवसाला सत्तर-ऐंशी पाट्या होतात. रंग वाळायचा नसल्यामुळे कोणी थांबत नाही आणि कोणाची ओळख होत नाही, ही एक गोष्ट मामांना खटकते. त्यांनी अर्ज करून बाक आत आणवला. अर्जात कारण लिहिले: वृद्ध नागरिकांसाठी.

खोलीत एक तक्रार वही आहे. बहुतेक तक्रारी उशिराच्या असतात. मागच्या महिन्यात एक वृद्ध गृहस्थ आदल्या दिवशी नेलेली पाटी घेऊन परत आले आणि वही मागितली.

"काय झालं?" मामांनी विचारले.

"नंबर बरोबर आहे. पण हा एक बघा. लांब पडलाय. डावीकडे दोन आहे त्याच्यापासून तर फारच."

मामांनी डब्यातला चष्मा काढून लावला. पाटी पाहिली. मग त्या गृहस्थांना पाहिले.

"काय करत होतात तुम्ही?"

"छापखान्यात होतो. एकतीस वर्षं. हाताने अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो."

"बसा," मामा म्हणाले, आणि शिपायाला दोन चहा सांगितले. बाकावर बसलेला तो पहिला वृद्ध नागरिक.

वहीत प्रत्येक तक्रारीवर त्याच दिवशी शेरा लिहावा लागतो. मामांनी लिहिले: तक्रार रास्त आहे. उपाय नाही. महिन्याच्या तपासणीला आलेल्या परीक्षक बाईंनी तो वाचला, खाली सही केली आणि काही बदलले नाही.

ते गृहस्थ आता दर गुरुवारी येतात. वही मागत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत दोघे बाक दाराशी ओढतात आणि फाटकातून आतबाहेर करणाऱ्या गाड्यांच्या पाट्या बघत बसतात. तेवढा अर्धा तास मामांचा चष्मा नाकावर असतो.